मन्मथप्पांची पाण्याची पारख

मन्मथप्पा कोरे यांनी आयुष्यात जेवढ्या माणसांना मारलं, त्यातल्या बहुतेकांचा गुन्हा पाण्यावर तरंगताना सापडला होता.

चौसाळ्यात हायवेला लागून त्यांचं किराणा दुकान होतं. गल्ल्याशेजारी पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास कायम असायचा. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावरचं भस्म ओलं असतानाच ते दुकानात यायचे आणि आधी तो ग्लास विसळून भरायचे. मग दिवसभर त्या ग्लासाची कचेरी चालायची. मिरी टाकली की खरी असेल ती तळाला बसते, पपईचं बी मिसळलेलं असेल तर ते वर येतं. लवंगेचं तसंच. तेल काढून घेतलेली लवंग तरंगते.

"खोटं वर येतंय बघा गुरुजी, अन् खरं खाली बसतंय," ते मला म्हणायचे. "मानसांचं तेवढं उलटं हाय."

एकदा वडवणीचा धोंडीराम नावाचा फिरता व्यापारी मिरीचं पोतं घेऊन आला. मी तिथेच चहापत्ती घ्यायला उभा होतो. मूठभर मिरी ग्लासात पडली आणि निम्मी वर आली. मन्मथप्पांनी शांतपणे ते तरंगते दाणे हातात गोळा केले, धोंडीरामची मान काखेत आवळली आणि दाणे त्याच्या तोंडात कोंबले. तो तोंड उघडेना, तेव्हा तराजूच्या दांडीनं उघडलं. दात पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"गिळ बे! गिऱ्हाइकाला चारीत होतास न्हवं? गिळ!"

मी सोडवायला गेलो तर कोपराचा दणका माझ्याच बरगडीत बसला. तीन दिवसांनी ते गुळाची ढेप घेऊन घरी आले. "गुरुजी, तुमाला लागायला नको होतं," म्हणाले. डोळ्यांत खरंच पाणी होतं. धोंडीरामच्या दाताविषयी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. तो हिशेब त्यांच्या मनात पूर्ण झालेला होता.

असा माणूस घरात वेगळा कसा असेल? भाजी करपली, पाहुण्यापुढं शब्द वावगा गेला, की त्यांच्या बायकोवर, जगदेवीबाईंवर हात उठायचा. हात जड होता. पोत्यांनी घडवलेला. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं, त्यात मीही आलो. मात्र त्यांच्या दुकानातून घेतलेल्या हळदीनं कुणाच्या भाजीचा रंग कधी उडाला नाही. लहान पोर पैसे घेऊन आलं तरी माप तेच. मला हा माणूस आवडायचा, आणि त्याची भीतीही वाटायची.

नव्वदनंतर दुकानाचं रूप पालटलं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आल्या, मसाल्याची बंद पाकिटं आली, त्यावर हसऱ्या बाया आल्या. मन्मथप्पांचा या पाकिटांवर राग होता. "बंद पाकिटातलं पान्यात काय टाकू? डोळे मिटून इस्वास ठिवा म्हनत्यात. कावून ठिवू?" पण गिऱ्हाईक पाकीटच मागायचं, म्हणून ते विकायचे. विकताना पाकीट गिऱ्हाइकापुढे असं टाकायचे, जसं काही त्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

बंद वस्तूंपैकी त्यांनी विश्वास ठेवला तो फक्त एकीवर. दम्याच्या पंपावर. तीस वर्षं मिरचीच्या खाटात, त्या तिखट धुळीत बसून त्यांची छाती धरायची. मिरचीच्या दिवसांत तर लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. अठ्ठ्याण्णव साली बीडच्या डॉक्टरांनी निळा पंप लिहून दिला. पहिल्यांदा दोन दम ओढले आणि पाच मिनिटांत माणूस उठून पोतं उचलायला लागला. तेव्हापासून गळ्यातल्या इष्टलिंगाच्या खालोखाल त्यांनी त्या पंपाला जपलं.

हा पंप मिळायचा रामहरीच्या मेडिकलमध्ये. रामहरी माझा विद्यार्थी. गणितात हुशार, बोलायला थोडा तिखट. बीडला राहून फार्मसीचा डिप्लोमा करून आला आणि स्टँडजवळ काचेच्या दारांचं, ट्यूबलाइटनं लखलखणारं दुकान टाकलं. चौसाळ्यात काचेचं दार असलेलं ते पहिलंच दुकान.

मन्मथप्पांची एकुलती एक मुलगी शिवानी. तीही माझ्या हाताखालची. धडा वाचताना मध्येच थांबायची, श्वास गोळा करायची आणि जिथं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करायची. अकरावीत गेली आणि तिचा दमा बळावला. मन्मथप्पांनी वेळ न दवडता तिला तोच निळा पंप आणून दिला. आपल्याला लागू पडतो, पोर आपल्याच रक्ताची, मग तिला पडणारच. यात शंका घेण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. बीडच्या डॉक्टरांकडे तिला नेलंच नाही.

पण शिवानीला त्या पंपानं आराम पडेना. सुरुवातीला थोडं बरं वाटायचं. पुढं पुढं दोन दम ओढले तरी घशातली शिट्टी तशीच, खांदे वर-खाली तसेच.

"नीट वढ," मन्मथप्पा सांगायचे.

"वढलं अप्पा."

"मग कावून थांबंना?"

बारावीच्या वर्षी तिला एक स्थळ सांगून आलं. पाहुणे बसलेले असताना तिला जोराची धाप लागली आणि स्थळ उठून गेलं. पाहुण्यांची जीप हायवेला लागण्याआधी मन्मथप्पांनी पोरीच्या कानाखाली वाजवली. पहिल्यांदाच. तिचा कान फुटला, रक्त आलं.

"नाटकं करती! मला धा मिंटात आराम पडतो, अन् हिला न्हाई पडत? लग्न नको म्हून नाटकं!" मग बायकोकडे वळले. "न्हाईतर हे तुज्या माहेरचं, नांदूरघाटचं रक्त. तुजा भाऊ असाच धापा टाकत मेला. माज्या घरात हे कुनाला बी नव्हतं."

"तुमाला हाय की," जगदेवीबाई म्हणाल्या. त्याबद्दल त्यांना लोखंडी मापट्यानं मार बसला. दोन महिने त्या डाव्या कुशीवर झोपू शकल्या नाहीत.

त्यानंतर शिवानीनं घरात धाप लागल्याचं सांगणं बंद केलं. पंप मात्र ती ओढत राहिली, लपूनछपून. न्हाणीघरात, गच्चीवर, पांघरुणात. एका दमानं होईना म्हणून दोन, दोनानं होईना म्हणून चार.

दोन हजार दोन सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. नवी मिरची दुकानात आली होती. मन्मथप्पांनी रामहरीकडून एकाच दिवशी दोन पंप आणले, एक स्वतःला, एक मुलीला. आठ दिवस झाले. सकाळी शिवानी दाराशी बसून धापा टाकताना त्यांना दिसली. त्यांनी तिच्या हातातून पंप हिसकावून घेतला, तिच्या तोंडात दाबला. काही फरक नाही. ते उभे राहून पंपाकडे बघत राहिले. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी पंपातली धातूची डबी उपसून काढली आणि गल्ल्याशेजारच्या ग्लासात टाकली.

डबी आडवी होऊन तरंगली.

त्यांनी स्वतःच्या पंपाची डबी काढली, तीही टाकली. ती सरळ तळाला गेली. ग्लासाच्या काचेवर तिचा टणकन आवाज झाला.

एकाच दिवशी आणलेले, एकाच दुकानातले दोन पंप. एक खाली, एक वर. तीस वर्षं ज्या पाण्यानं त्यांना कधी फसवलं नव्हतं, त्यानं निकाल दिला होता. मन्मथप्पांनी तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि ते स्टँडकडे निघाले.

"थांबा हो!" जगदेवीबाई ओरडल्या. मागून शिवानीही काहीतरी ओरडली, पण तिच्या छातीत एक शब्द दुकानाबाहेर पोचवण्याएवढीही हवा नव्हती.

मी रामहरीच्या बाकावर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी बसलो होतो. आधी काचेचं दार फुटलं. मला वाटलं ट्रकचा टायर फुटला. मग आत मन्मथप्पा दिसले.

"पान्यावर तरंगनारा पंप इकतो व्हय बे? माज्या पोरीला?"

"अप्पा, काय झालं ते तरी..."

रामहरीचं वाक्य पूर्ण झालं नाही. वजन त्याच्या डोक्याच्या रोखानं आलं, त्यानं उजवा हात आडवा धरला. वाळलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. तो खाली बसला तरी मन्मथप्पा थांबले नाहीत. काउंटर, फ्रिज, कपाटाच्या काचा. लाल औषध फरशीवर वाहत होतं आणि त्यात रक्त कोणतं ते कळत नव्हतं. मी त्यांना मागून मिठी मारली. एका झटक्यात भिंतीवर आदळलो.

बाहेर गर्दी जमली. गर्दीतल्या कुणाकुणाचा रामहरीवर जुना राग असेल, कुणाचा कुणावरच नसेल. चार पोरं आत घुसली, कपाटं पालथी घालायला लागली. एकानं साबणाच्या वड्या खिशात भरल्या. मन्मथप्पांनी त्यालाही मुस्काटात मारली.

"चोरी न्हाई करायची बे! मी न्याय करायला आलोय!"

तेवढ्यात गर्दी फाटली आणि शिवानी आत आली. आली म्हणजे पडली. घरापासून स्टँडपर्यंत ती धावत आली होती. तळव्यात काचा घुसल्या होत्या, ओठ जांभळे पडले होते. ती हातानं 'नाही, नाही' असं करत होती, पण तोंडातून फक्त शिट्टी निघत होती.

मन्मथप्पांच्या हातातलं वजन गळालं. त्यांनी फुटलेल्या कपाटातून निळ्या पंपाचं खोकं ओढलं. सीलबंद. दातांनी फोडलं, मुलीच्या तोंडात धरलं आणि दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा, दहादा.

"वढ, माजी माय! ह्यो खरा हाय! वढ!"

शिवानी ओढत होती. काही होत नव्हतं. तिच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता.

फरशीवर मोडका हात छातीशी धरून बसलेला रामहरी म्हणाला, "पाण्यात टाकून बघा की, अप्पा."

इतकं शांतपणे म्हणाला की गर्दीतली पोरं थांबली. मन्मथप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मारायला हात उठला नाही. पंप खरा होता. नकली म्हणून ज्याचा हात मोडला, त्याचं औषध खरं होतं, आणि मुलगी तरीही मरत होती.

भारत ड्रायव्हरची काळी-पिवळी जीप स्टँडवर उभी होती. मागच्या बाकावर शिवानी, एका बाजूला मन्मथप्पा, दुसऱ्या बाजूला रामहरी. त्यालाही बीडलाच जायचं होतं, हात घेऊन. समोर मागोमाग धावत पोचलेल्या जगदेवीबाई आणि मी. मन्मथप्पा मुलीला मांडीवर आडवं करायला लागले.

"झोपवू नका," रामहरी म्हणाला. "पुढं वाकवून बसवा. अशी." त्यानं डावा हात तिच्या पाठीशी लावला. उजवा टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता आणि टॉवेल भिजत चालला होता. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर जीप कलली की तो दात चावून डोळे मिटायचा, पण तिच्या पाठीवरचा हात त्यानं काढला नाही. मन्मथप्पा अजूनही पंप दाबत होते.

"बस करा आता ते. काळीज फुटंल पोरीचं."

मन्मथप्पांनी पंप खाली ठेवला. मी त्यांना कुणाचं ऐकताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

दवाखान्यात प्राणवायू लावला, शिरेतून औषधं दिली, वाफेतून वेगळं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत शिवानीचे ओठ माणसाच्या रंगाचे झाले. पोलीस आले, त्यांनी दारात स्टूल टाकलं. मन्मथप्पा पळून जाणारे नव्हते हे त्यांनाही दिसत होतं.

तिथल्या डॉक्टर प्रणिता तिशीच्या आतल्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुंकायची एक नळी आणली. जोरात फुंकलं की बाजूचा काटा सरकतो आणि आकडा दाखवतो. शिवानीनं फुंकलं. एकशे ऐंशी. मग निळ्या पंपाचे दोन दम दिले, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा फुंकलं. एकशे पंच्याऐंशी.

"आता तुम्ही फुंका," त्या मन्मथप्पांना म्हणाल्या.

दोनशे चाळीस. पंपानंतर तीनशे चाळीस.

काटा सरकला ती जागा मन्मथप्पांनी बोटानं चाचपली. आयुष्यभर पारख करणाऱ्या माणसाला ही पारख समजली.

"पोरी, दिवसाला किती दम ओढायचीस?" डॉक्टरांनी विचारलं.

शिवानीनं बोटं मोजली. "ईस. पंचवीस."

"एका पंपात दोनशे असतात. आठ दिवसांत संपला असेल. रिकामी डबी तरंगणारच. घरी सांगितलं का नाहीस?"

शिवानीनं वडिलांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. मन्मथप्पांनी तो हात धोतराच्या सोग्याखाली घेतला.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. श्वासाच्या नळ्यांवर बारीक-बारीक कुलपं असतात. पंपातलं औषध त्या कुलपाला लागलं की नळी सैल पडते. ते कुलूप कसं घडवायचं याची एक नक्कल आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन माणसांच्या नकलांत कुठंतरी एखाद्या अक्षराचा फरक असतो. "ज्यांच्या दोन्ही नकला एका विशिष्ट प्रकारच्या असतात, त्यांनी हा पंप रोज सारखा ओढला तर गुण कमी येतो, दमा उलट वाढतो, असं परदेशातल्या काही तपासण्यांत दिसायला लागलंय. सगळ्या डॉक्टरांचं अजून एकमत नाही. तशी रक्ततपासणी आपल्याकडे होत नाही, म्हणून हिचं तेच आहे असं मी लिहून देणार नाही. पण हे आकडे तिकडंच बोट दाखवतात. शिवाय आतली सूज उतरवणारं औषध हिला कुणी दिलेलंच नाही. तो पंप वेगळा, तपकिरी. तिला नाटक येत नाही हो. तिला तुमचं औषध लागू पडत नाही, एवढंच."

मन्मथप्पा म्हणाले, "म्हंजी नांदूरघाटचंच रक्त."

"नुसतं नांदूरघाटचं असतं तर एकच नक्कल आली असती," डॉक्टर म्हणाल्या. "माझा अंदाज खरा असेल तर दोन लागतात. दुसरी तुमची. तुमच्यात एक तशी असेल, एक दुसरी, म्हणून तुमचं भागतंय."

"खोटं!"

त्यांची मूठ टेबलावर आदळली. ट्रे उडाला, सुया फरशीवर विखुरल्या, नर्स किंचाळली, दारातला पोलीस आत धावला. मन्मथप्पांचा हात पुन्हा वर गेला. आता तो कुणावर पडणार हे आम्हाला कळत नव्हतं, त्यांनाही कळत नसावं.

जगदेवीबाई उठून त्या हाताच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या.

"मारा की," त्या म्हणाल्या. "ईस वर्सं माज्या माहेराला मारलं. कुशीत अजून सळ हाय. आता अर्धं सोताला मारा."

हात खाली आला. त्यांच्यावर नाही. मन्मथप्पांनी स्वतःच्या तोंडात मारली. मग दुसरी. मग जोडा काढला आणि त्यानं मारत सुटले, ज्या ताकदीनं धोंडीरामला मारलं होतं त्याच ताकदीनं. ओठ फाटला, भस्मावर रक्त आलं. पोलीस आणि मी मिळून त्यांचे हात धरले तेव्हा ते आम्हाला म्हणत होते, "सोडा. हिशेब पुरा हुईना अजून. सोडा."

शिवानी पलंगावरून म्हणाली, "अप्पा, बस. मला धाप लागंल."

ते थांबले.

त्यांना पोलिसांनी नेलं. चार दिवसांनी जामीन झाला. रामहरीनं केस मागे घेतली नाही. मी एकदा विषय काढून पाहिला, तर म्हणाला, "गुरुजी, मनगट वळत न्हाई. तुमी वळवून देता का?" मन्मथप्पांनी पहिल्याच तारखेला कबूल केलं. मारलं म्हणाले, कारण विचारलं तर म्हणाले, "माजी पारख चुकली." शिक्षा व्हायची ती पुढे झाली.

तपकिरी पंप शिवानी सकाळ-संध्याकाळ घ्यायची. धाप लागलीच तर वेगळा पंप होता. डॉक्टरांनी दिलेली नळी ती रोज दुकानात उभी राहून फुंकायची आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहायची. मन्मथप्पा मिरचीची पोती मागच्या खोलीत नेऊन टाकून, हात मागे बांधून तो आकडा बघायचे. जगदेवीबाईंवर त्यानंतर हात उठला की नाही, हे मी विचारलं नाही. भिंतीवरचा आकडा मात्र घसरला नाही. घरात आरडाओरडा झाला की तो घसरतो हे सगळ्यांना कळलेलं होतं.

महिन्यानं तपकिरी पंप संपत आला. शिवानी नवा आणायला निघाली, तेव्हा मन्मथप्पांनी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली.

रामहरीच्या दुकानाला नवी काच बसली होती. उजव्या हाताला प्लास्टर. माझ्या गोळ्यांसाठी मी बाकावर बसलो होतो. सहा-सात गिऱ्हाइकं होती, ती बाजूला सरली. मन्मथप्पा सरले नाहीत, पुढंही गेले नाहीत. रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबले.

रामहरीनं चिठ्ठी वाचली. डाव्या हातानं तपकिरी पंप काढून काउंटरवर ठेवला. मग मागे वळून त्यानं माठातून ग्लास भरला आणि तो पंपाशेजारी ठेवला. काठोकाठ.

"घ्या," तो म्हणाला. "बघा टाकून."

कुणी हसलं नाही. मन्मथप्पांच्या मानेवरची शीर तटतटून फुगली. ती शीर मी ओळखत होतो. आयुष्यात कुणी त्यांना असं चारचौघांत बोललं नसेल. त्यांनी ग्लास उचलला. मला वाटलं, आता ही काचही फुटणार.

ते पाणी प्यायले. एका घोटात नाही, हळूहळू, तळापर्यंत. ग्लास पालथा घातला आणि पंप उचलून बंडीच्या खिशात ठेवला.

"आज सकाळी तीनशे वीस फुंकलं तिनं," ते म्हणाले.

रामहरीनं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.